पदवीवर नाव काय आहे याने फरक पडतो का? फिजिशियन असिस्टंटच्या निमित्ताने संशोधन-प्रश्न कसा मांडायचा

मागच्या महिन्यात मुखेडहून एका मुलीचा फोन आला. नात्यातली नाही, पण गावातली, म्हणून 'ताई' म्हणूनच बोलते. बारावीनंतर ती चेन्नईला गेली आणि फिजिशियन असिस्टंटचा चार वर्षांचा कोर्स केला, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. दीड वर्ष तिकडच्याच एका दवाखान्यात हृदयरोग विभागात काम केलं. घरच्या अडचणीमुळे परत आली आणि इकडे एका जागेसाठी ऑनलाइन अर्ज भरायला बसली. शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात पर्यायांची यादी उघडली, तर तिच्या पदवीचं नावच नाही. मग तिनं 'इतर' निवडलं. पंधरा दिवसांनी यादी लागली, तिच्या नावापुढे 'अपात्र'. कारण एका ओळीत, अर्हता समकक्ष नाही.

तिचा प्रश्न सरळ होता. "ताई, माझ्या पदवीवर बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट लिहिलंय. माझ्या मैत्रिणीच्या पदवीवर बी.एस्सी. अलाइड हेल्थ सायन्सेस आणि कंसात फिजिशियन असिस्टंट. विद्यापीठ वेगळं, पण विषय जवळपास तेच. मग नावाने फरक पडतो का? आणि उद्या मला पीएचडी करायची म्हटली तर?"

मी घाईत उत्तर देऊन टाकलं, "नावाचं काय घेऊन बसलीस, काम महत्त्वाचं." फोन ठेवला आणि लक्षात आलं की हे उत्तर चुकीचं आहे. जिला नावामुळेच अपात्र ठरवलं, तिला मी नाव बिनमहत्त्वाचं म्हणून सांगत होते. आरोग्यसेवेतलं मनुष्यबळ हा माझा अभ्यासाचा विषय, आणि तरीही मी असं बोलले. म्हणून आज हा प्रश्न नीट सोडवू. तुम्ही पेट, नेट किंवा पहिल्या संशोधन आराखड्याची तयारी करत असाल, तर साध्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न कसा होतो हेही यातून दिसेल.

आधी नावं वेगळी करा

संशोधनात बहुतेक गोंधळ एकाच शब्दाखाली दोन-तीन गोष्टी कोंबल्यामुळे होतो. 'पदवीचं नाव' म्हणताना आपण निदान चार वेगळ्या नावांबद्दल बोलत असतो.

पहिलं, विद्यापीठ प्रमाणपत्रावर छापतं ते नाव. यामागे कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार ठरावीक संस्थांनाच आहे, आणि आयोगाने अधिसूचनेने निश्चित केलेली नावंच 'पदवी' ठरतात. अशी एकत्रित यादी २०१४ मध्ये अधिसूचित झाली. बी.एस्सी. हे पदवीचं नाव. त्यापुढे किंवा कंसात येतं ते विषयाचं नाव. माझ्या त्या मुलीच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या प्रमाणपत्रांत फरक आहे तो या दुसऱ्या भागात.

दुसरं, व्यवसायाचं कायद्यातलं नाव. २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे दहा गट आहेत आणि त्यातल्या एका गटाचं शीर्षकच 'मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्स अँड फिजिशियन असोसिएट' असं आहे. लक्ष द्या, इथे शब्द 'असोसिएट' आहे, 'असिस्टंट' नाही. २०२५ मध्ये या आयोगाच्या कामातून जे नवे अभ्यासक्रम जाहीर झाले, त्यातही फिजिशियन असोसिएट हेच नाव आहे. म्हणजे हजारो मुलांच्या प्रमाणपत्रावर एक शब्द आणि कायद्यात दुसरा.

तिसरं, दवाखाना नेमणूकपत्रावर लिहितो ते पदनाम. कुठे फिजिशियन असिस्टंट, कुठे क्लिनिकल असिस्टंट, तर कुठे नुसतंच 'को-ऑर्डिनेटर'.

चौथं, लोकांच्या तोंडातलं नाव. मुखेडच्या बसस्टँडवर "मी पी.ए. आहे" म्हटलं तर समोरचा विचारतो, "कुण्या साहेबांचे?" दवाखान्यात पांढरा कोट घातला की डॉक्टर, नाहीतर सिस्टर, नाहीतर कंपाउंडर. चौथा शब्द आपल्याकडे अजून रुळलेलाच नाही.

आता मूळ प्रश्न परत वाचा. 'नावाने फरक पडतो का?' या वाक्यात चारपैकी कोणतं नाव आहे? आणि फरक कुणाला पडतो? नोकरी देणाऱ्याला, परिषदेला, विद्यापीठाला की रुग्णाला? हे ठरत नाही तोवर उत्तर 'हो' आलं काय आणि 'नाही' आलं काय, काहीच कळत नाही.

हा व्यवसाय आला कुठून

अमेरिकेत १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिला कोर्स सुरू केला. पहिले विद्यार्थी नौदलातले माजी वैद्यकीय सहायक होते. हाताला कौशल्य होतं, पण नागरी जीवनात त्याला नाव नव्हतं. १९६७ मध्ये पहिले तिघं बाहेर पडले. भारतात १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने हा कोर्स आला. म्हणून आजही दक्षिणेत, विशेषतः हृदयविभागात, या पदवीची ओळख जास्त आहे आणि मराठवाड्यात कमी. ही माणसं रुग्णाचा इतिहास घेतात, तपासणी करतात, नोंदी ठेवतात, शस्त्रक्रियेत मदत करतात. सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्वतंत्र प्रॅक्टिस हा या पदवीचा हेतूच नाही.

जिथे नोंदणी पक्की, तिथे पदवीचं नाव हलकं

माझं म्हणणं आता एका वाक्यात सांगते. पदवीच्या नावावर किती भार पडतो हे त्या व्यवसायाची नोंदणी किती पक्की आहे यावर ठरतं. नोंदणी पक्की असेल तर नाव हलकं होतं. नोंदणी कच्ची असेल तर सगळा भार नावावर येतो.

अमेरिकेचं बघा. तिथे येल विद्यापीठ या कोर्ससाठी मास्टर ऑफ मेडिकल सायन्स देतं, नेब्रास्का विद्यापीठ मास्टर ऑफ फिजिशियन असिस्टंट स्टडीज देतं. नावं वेगळी, तरी नोकरीत सहसा कुणी अडवत नाही. कारण दोघांनाही मान्यताप्राप्त कोर्स, एकच राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना या तिन्ही पायऱ्या सारख्याच चढाव्या लागतात. नोकरी देणारा परवाना बघतो.

इतकं लांब जायचंही कारण नाही, आपल्याकडच्या नर्सिंगचं घ्या. कुणी जीएनएम, कुणी बी.एस्सी. नर्सिंग, कुणी पोस्ट बेसिक. बढतीत, शिक्षक होताना फरक पडतो, हे खरं. पण 'ही नर्स आहे का?' हा प्रश्न कुणी विचारत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा आहे आणि नोंदणी क्रमांक दाखवला की विषय संपतो.

फिजिशियन असिस्टंटकडे १९९२ पासून २०२१ पर्यंत असा केंद्रीय कायदाच नव्हता. मग नोकरी देणाऱ्यानं बघायचं काय? प्रमाणपत्रावरचं नाव. ते नाव ओळखीचं असेल तर दार उघडतं, नसेल तर 'इतर'. आपल्या राज्यात कारकुनापासून अधिष्ठात्यापर्यंत सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे बीपीएमटी, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकवली जाणारी पॅरामेडिकल पदवी. म्हणून यादीत बीपीएमटी असतं आणि चेन्नईची पदवी नसते. यात त्या मुलीच्या कौशल्याबद्दल कुणी काहीच मोजलेलं नाही.

महाराष्ट्रातला एक ताजा पुरावा

हे म्हणणं नुसतं तर्काने मांडून चालणार नाही. आपल्याच राज्यातलं एक प्रकरण तपासून बघू. २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात बदल केला. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स, म्हणजे सीसीएमपी, केला तर त्यांना मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधं लिहिता यावीत, असा तो बदल. कोर्स आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. पुढची काही वर्षं कोर्स चालू राहिला, प्रमाणपत्रं मिळत राहिली. २०२५ मध्ये या मंडळींची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत वेगळी नोंदवही ठेवण्याचा विषय पुढे आला, तेव्हा मात्र वाद पेटला आणि १८ सप्टेंबर २०२५ रोजी ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनांनी संप केला.

कोण बरोबर, कोण चूक, हा आजचा विषय नाही. संशोधक म्हणून एवढंच टिपून ठेवा की भांडणाची धार नोंदवहीपाशी सर्वांत तीव्र झाली. प्रमाणपत्र काय म्हणतं यापेक्षा परिषदेच्या वहीत नाव कुठे लागतं, हा खरा मुद्दा ठरला.

नाव आणि कौशल्य यांचा संबंध किती?

यावर भारतातच चांगलं संशोधन झालंय. छत्तीसगडने २००१ मध्ये ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा वैद्यकीय कोर्स सुरू केला. या कोर्सचं नाव एकदा नव्हे, अनेकदा बदललं. नावात 'मॉडर्न मेडिसिन' असावं की नसावं यावर विद्यार्थ्यांची आंदोलनं झाली, कारण शब्द बदलला की अधिकार बदलणार होते. शेवटी ही मुलं 'रूरल मेडिकल असिस्टंट' या पदनामाने प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाली.

पुढे कृष्णा राव आणि सहकाऱ्यांनी एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी, आयुष डॉक्टर, हे रूरल मेडिकल असिस्टंट आणि इतर पॅरामेडिकल कर्मचारी अशा चार गटांची तुलना केली. नेहमीच्या आजारांचे काल्पनिक रुग्ण मांडून प्रत्येकाला विचारलं, तुम्ही काय विचाराल, काय तपासाल, काय उपचार द्याल? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रूरल मेडिकल असिस्टंट आणि एमबीबीएस अधिकारी यांची क्षमता जवळपास सारखी दिसली. बाकी दोन गट मागे होते.

यावरून 'नावाला अर्थ नाही' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. थांबा. असे काल्पनिक रुग्ण वापरून माणसाला काय माहीत आहे हे कळतं, तो प्रत्यक्षात काय करतो हे नाही. आरोग्यसेवेच्या संशोधनात या दोन्हींमधलं अंतर मोठं असतं. शिवाय अभ्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नेहमीच्या आजारांपुरता होता. म्हणून योग्य निष्कर्ष इतकाच, की ठरावीक कामांसाठी पदवीच्या नावावरून क्षमतेचा अंदाज बांधणं चुकू शकतं. पीएचडीच्या मुलाखतीत मार्गदर्शक नेमकं हेच विचारतात, तुमचा पुरावा कुठपर्यंत जातो?

रुग्णाच्या बाजूने बघितलं तर

आतापर्यंत आपण पदवीधराच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये तीस वर्षांच्या एका तरुणीचा फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याने मृत्यू झाला. तिला दोनदा तपासणारी व्यक्ती फिजिशियन असोसिएट होती आणि आपल्याला डॉक्टरांनीच तपासलं असा तिचा समज होता. अशा घटनांनंतर तिथे मोठी चर्चा झाली. जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या समितीने शिफारस केली की 'असोसिएट' काढून पुन्हा 'असिस्टंट' म्हणा, म्हणजे लोकांचा गैरसमज होणार नाही.

गंमत अशी की अमेरिकेतल्या संघटनेने २०२१ मध्ये नेमकं उलटं केलं होतं. 'असिस्टंट' शब्दाने आमचं काम कमी लेखलं जातं म्हणून 'असोसिएट' स्वीकारलं. एकाच व्यवसायाला दोन देश एकाच दशकात विरुद्ध दिशेने नाव देत आहेत. कारण प्रश्न वेगळे आहेत. अमेरिकेत पदवीधराची प्रतिष्ठा हा मुद्दा होता, इंग्लंडमध्ये रुग्णाची स्पष्टता.

आता मुखेडचा विचार करा. पावसाळ्यात शेतात कुणाला साप चावला आणि रात्री अकराला दवाखाना गाठला. सर्पदंशावरच्या डॉ. दिलीप पुंडे यांच्या कामामुळे आमच्या तालुक्याला या विषयाचं गांभीर्य सांगावं लागत नाही. त्या वेळी समोर उभी असलेली व्यक्ती कोण आहे, काय करू शकते आणि डॉक्टरांना कधी बोलावते, हे नातेवाइकांना कळायला हवं की नको? प्रमाणपत्रावर काय छापलंय ते ते वाचणार नाहीत. पण छातीवरच्या बिल्ल्यावर मराठीत काय लिहिलंय याने फरक पडू शकतो.

आता याचा संशोधन-प्रश्न करू

समजा तुम्हाला हा विषय घ्यायचा आहे. 'पदवीच्या नावाचा नोकरीवर होणारा परिणाम' एवढं लिहून आराखडा दिला तर तो परत येईल. अडचण अशी की नाव एकटं बदलत नाही. नाव बदललं की विद्यापीठ बदलतं, शहर बदलतं, शिक्षणाचा दर्जा आणि फीसुद्धा बदलते. चेन्नईच्या मुलीला नोकरी मिळाली नाही ती नावामुळे, बाहेरच्या राज्यातली पदवी म्हणून, की ओळख नव्हती म्हणून? हे धागे सुटे कसे करायचे?

पहिला मार्ग आहे अर्जांच्या प्रयोगाचा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आलेला अभ्यास वाचा. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त अर्जदाराचं नाव, ज्यावरून जात किंवा धर्म ओळखू येतो. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता ०.६७ पट आणि मुस्लिम नावाला ०.३३ पट निघाली. बाकी सगळं सारखं ठेवलं म्हणून फरक नावाचा, असं ठामपणे म्हणता आलं. आपणही अर्ज तोच ठेवून फक्त पदवीचं नाव बदलू शकतो. पण नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. खोटे अर्ज दोन दिवसांत उघडे पडतील, आणि लोकांना फसवून माहिती घेतोय म्हणून नैतिकता समितीही कठीण प्रश्न विचारेल.

म्हणून दुसरा मार्ग, उघड प्रयोग. दवाखान्याच्या व्यवस्थापकांना आधीच सांगायचं की हे बायोडेटा काल्पनिक आहेत, तुम्ही कुणाला मुलाखतीला बोलवाल ते सांगा. कुणाला कोणतं पदवीनाव दाखवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. फसवणूक टळते. तोटा हा की लोक बोलतात एक आणि करतात दुसरं.

तिसरा मार्ग, काळाची तुलना. कायदा २०२१ चा. राज्याची परिषद प्रत्यक्ष नोंदणी देऊ लागते त्याआधीच्या आणि नंतरच्या जाहिराती गोळा करा. त्यात पदवीचं नाव मागतात की नोंदणी क्रमांक, ते मोजा. सोबत नर्सिंगच्या जाहिरातीही तशाच मोजा, कारण तिथे नोंदणी आधीपासून आहे. फिजिशियन असिस्टंटच्या जाहिरातींत बदल दिसला आणि नर्सिंगच्या जाहिरातींत नाही, तर माझ्या वरच्या म्हणण्याला आधार मिळेल. दोन्हीकडे सारखाच बदल दिसला तर माझं म्हणणं पडेल. आपलं म्हणणं कशाने पडेल हे आधीच लिहून ठेवणं, हीच आराखड्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ.

एका एम.ए., एम.एस्सी. किंवा एमपीएचच्या प्रबंधासाठी तिसरा मार्ग मला सगळ्यात झेपणारा वाटतो. खर्च कमी आणि माहिती उघड उपलब्ध.

आणि पीएचडीचं काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीसाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात. किंवा चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी असेल तर ७५ टक्के. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. इथे नावापेक्षा कालावधीची भानगड मोठी. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, याला 'आठ सत्रं' मानायचं का? हे तोंडी विचारू नका, विद्यापीठाकडून लेखी घ्या.

दुसरी अडचण विषयाची. नेटच्या विषययादीत फिजिशियन असिस्टंट नाही. पण सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ आहे. त्यामुळे मुंबईच्या टिससारख्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णालय प्रशासन करून मग संशोधनात येणं, हा सरळ रस्ता आहे. तिथे तुमचं पदवीनाव अडथळा न राहता अनुभव म्हणून मोजलं जातं.

तिला शेवटी काय सांगितलं

आठ दिवसांनी मी तिला परत फोन केला. आधी चूक कबूल केली. मग चार कागद जमवायला सांगितले. एक, विषय आणि तासांसकट पूर्ण अभ्यासक्रम, विद्यापीठाच्या शिक्क्यासह. हा का, तर २०२१ चा कायदा पात्रता तासांत मोजतो. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तास. दोन, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, विभाग आणि तारखांसह. तीन, पदवी देणारं विद्यापीठ कलम २२ खाली अधिकृत आहे याचा पुरावा. चार, अनुभवाचं पत्र, ज्यात पदनामासोबत प्रत्यक्ष काम लिहिलेलं असेल. राज्य परिषदेत नोंदणीसाठी हेच कागद लागतील. आणि पुढच्या अर्जात 'इतर' निवडावं लागलं तर सोबत समकक्षतेची विनंती जोडायची, यादी लागायची वाट बघायची नाही.

तिनं विचारलं, "म्हणजे नावाने फरक पडतो, असंच ना ताई?"

म्हटलं, पडतो. तुझी नोंदणी होईपर्यंत जास्त, झाल्यावर कमी. अपात्र ठरलेली ती जागा आता परत येणार नाही, हे तिलाही कळत होतं. कागद आणायला ती या महिन्यात चेन्नईला जाणार आहे.